रावेरकडच्या बाईची गोधडी

देवावरचा माझा विश्वास एका थरथरीत गेला, आणि परत आला तोही एका थरथरीतूनच. मध्ये सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत मी हात जोडले नाहीत असं नाही. जोडत होते, पण बाहेर पडताना आपण दाराची कडी लावतो ना, तसे सवयीनं. आत काही नव्हतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता डोळ्यांना दिसतंय तोवर लिहून ठेवावं म्हणते. मी शाळेची पायरी चढलेली नाही, तेव्हा बोलते तशीच लिहिणार. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यानं पदरात घ्यावं.

अक्षरं मला अक्कानं शिकवली. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, नानांची थोरली बहीण. नाना म्हणजे आमचे घरधनी. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही लिहिताना तसंच म्हणते. अक्काचा नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. मी सोळाव्या वर्षी या घरात आले तेव्हा मला वाटलं, ही बाई आता माझा छळ मांडणार. तिनं मांडलं काय, तर परातीत कोरडं पीठ. बोटानं त्यात एक अक्षर काढलं आणि म्हणाली, "हाऊ ग. गायना ग, गहूना ग, आनी तू गधडीना बी ग." मी हसले, आणि त्या दिवसापासून आमचं जुळलं. भाकरी थापून झाल्या की उरलेल्या पिठात दोन अक्षरं, असं करत करत दोन वर्षांत मी पोथी वाचायला लागले.

आमचं गाव धुळ्यापासून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. कापूस, बाजरी, थोडी मिरची. आमच्या घरची कानबाई अक्काच्या हातची होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, गळ्यात माळ घालून चौरंगावर कानबाई बसवायची, तिच्यासाठी गहू दळायचा, त्याचे रोट करायचे. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू जात्यात पडायचा आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, अशी रीत. दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन आणलेला नारळ वर्षभर पेटीत जपून ठेवायचा. चाळीस वर्षं अक्कानं हे केलं. कधी कधी गाणी चालू असताना तिच्या अंगात यायचं. थरथर कापायची, दात वाजायचे, मग आम्ही सगळे हात जोडून उभे राहायचो, धूप घालायचो, काय चुकलं ते विचारायचो. थोड्या वेळानं ती शांत व्हायची आणि पाणी मागायची. देवी अंगात येते हे मी आजही नाकारत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते नाकारून कुठं जाऊ.

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. अक्काच्या पोटात गाठ निघाली. पौषात तिला धुळ्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या सकाळी अक्कानं डोक्यावरून गार पाणी घेतलं. देवीचं काम करणारी बाई मोठ्या कामाला निघताना गार पाण्यानं न्हाते, ही आमच्यातली रीत. मीच बादली भरून दिली. पाण्याला बोट लावलं तर हाड दुखत होतं. केस ओलेच बांधून ती आत गेली.

दोन तासांनी तिला बाहेर आणून खाटेवर ठेवलं. नर्सनं तिच्या अंगावर लाल कांबळं टाकलं आणि ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. अक्काची भूल उतरत होती, आणि एकाएकी ती कापायला लागली. साधं कापणं नाही हो. खाटेचे पाय फरशीवर वाजत होते. दातावर दात. मान हलत होती. आम्ही घरची पाच-सहा माणसं खाटेभोवती उभी होतो. सगळ्यांत आधी तोंडातून शब्द निघाला तो माझ्या. मी म्हणाले, "कानबाई उनी." कानबाई आली. आणि मीच पुढे होऊन ते कांबळं ओढलं. "बठ्ठाजण हात जोडा," मी सगळ्यांना म्हणाले. "पांघरून काढी टाका. देवीले कोनी झाकस का?"

अक्काच्या पिशवीतला धूप मी पेटवला आणि बराच वेळ आम्ही तसे उभे होतो. दीर म्हणाले, माय, काय चुकलं ते सांग. अक्का दातांच्या मधून मला काहीतरी म्हणाली. ती काय म्हणाली ते मी पुढं लिहीन, आत्ता हात धजत नाही. नर्स परत आली, आमच्यावर ओरडली, डॉक्टर धावत आले. पण तोवर अक्काचे ओठ निळे पडले होते. तिचं हृदय आधीच अशक्त होतं म्हणे, त्याला हा ताण सोसला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता माझ्या मनात काय आलं ते खरं खरं सांगते. मला वाटलं, देवी आली आणि घेऊन गेली. जिनं चाळीस वर्षं तुझे रोट थापले, तिच्याच अंगात येऊन तिलाच नेलंस. मग तू कसली माय? त्या वर्षी सुतक म्हणून कानबाई बसली नाही. पुढच्या वर्षी सुतक नव्हतं, पण मी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली भिंतीतल्या फळीमागे टाकली. भाऊबंदांनी विचारलं, मी विषय बदलला. नानांनी तर विचारलंही नाही. परातीत पीठ पसरलं की मला ते 'ग' दिसायचं आणि मी घाईघाईनं पाणी ओतायची. सहा श्रावण असे गेले.

सहाव्या वर्षाच्या हिवाळ्यात नानांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताच्या पिशवीत खडे. धुळ्याच्या त्या दवाखान्याची पायरी मी चढणार नव्हते. थोरली लेक भुसावळला दिलेली, जावई रेल्वेत. ती म्हणाली, जळगावला दाखवू, मला येता-जाता सोपं पडेल. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ऑपरेशनला पर्याय नाही, पण यांचंही हृदय अशक्त दिसतंय, सांभाळून करावं लागेल. घराण्यातच असावं ते. बहिणीसारखाच भाऊ. तसाच पौष. तशीच पूर्ण भूल. मला डोळ्यांपुढे ऑपरेशन दिसतच नव्हतं. नाना बाहेर आल्यावर ती खाट वाजणार, एवढंच दिसत होतं. आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर काय सांगायचं? की आमच्या घरात ऑपरेशन झालं की देवी येते आणि माणूस नेते?

वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण सून होती, आठ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेली. तिच्याजवळ तिची सासू बसायची. सावळी, हाडानं रुंद, दोन्ही हातांवर गोंदण, नाकात जाड चमकी. रावेरकडची. घरची केळीची बाग. तिची बोली तिकडची, तावडी म्हणतात ती, माझी अहिराणी, पण समजत होतं एकमेकींना. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती एकदा सुनेला मोठ्यानं म्हणाली, "या धुळेवाल्या मायचं तोंड पाहिलं का? जशी कोनी कच्ची केळ चारली." सून हसली, नानाही हसले. मी नाही हसले. मला त्या बाईचा रागच आला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, ऊन नुकतं खिडकीत आलं होतं. मी लेकीला आणायला खाली फाटकापर्यंत गेले. तिची गाडी उशिरा होती, म्हणून एकटीच परत आले. येते तर नाना खाटेच्या कडेला बसलेले, अंगावर ओलं धोतर, केसांतून पाणी गळतंय, फरशीवर थारोळं. मागच्या बाजूच्या नळावर जाऊन ते डोक्यावरून गार पाणी घेऊन आले होते. छाती उघडी. हनुवटी थडथडत होती.

मी म्हणाले, "काय करं हाई?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कानबाई पेटीमा कोंडी ठेवी. सहा वरीस व्हई गयात. मी काहीच बोलनू नही. आते मी तिनापुढे वल्लाच जासू. माफ करी टाकी ती."

असे ओल्या अंगानंच ते तिच्यापुढे जाणार होते. मी खाली फरशीवर त्या पाण्यातच बसले. समोर नानांचे पाय कापत होते आणि खाटेचा एक पाय फरशीवर वाजायला लागला होता. तोच आवाज. अजून भूलही दिलेली नाही आणि तोच आवाज. उठून त्यांना पुसावं, कोरडं काही द्यावं, हे मला सुचलं नाही. मी पाहत बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आतून काही निघालं. ती प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही. मी म्हणाले, माय, माझ्यानं आता काही होत नाही. तुला न्यायचं असेल तर ने, नसेल न्यायचं तर तूच झाक. मी हरले.

एवढं मनात म्हणते तोच नानांच्या खांद्यांवर मागून गोधडी पडली. जाड, जुन्या लुगड्यांची, धुराचा वास येणारी. मागे ती रावेरकडची बाई उभी.

"काय व माय, पाहत काय बसली?" ती म्हणाली. "धोतर काढ त्याचं. कोरडं नेसव."

नानांनी धोतर घट्ट धरलं. परक्या बाईपुढे ते कसे सोडणार?

तिनं भिंतीकडे तोंड केलं. "मी नही पाहत. मले चार नातवंडं हायेत, आता पाहून काय करू?"

मी धोतर बदललं, अंग पुसलं, डोकं कोरडं केलं. लेकीनं आदल्या दिवशी आणलेला थर्मास होता, त्यात चहा उरला होता, तो मी ओतायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. "पोटात कायी नही द्यायचं. भूल द्यायची हाये त्याले. बाहेरून शेक." स्वयंपाकघरातून तिनं गरम पाणी आणलं. सलाइनच्या रिकाम्या काचेच्या दोन बाटल्या आयाबाईकडून मागून घेतल्या. पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळल्या, आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्या आणि मग नानांच्या पायाशी आणि काखेशी ठेवल्या. डोक्याला तिच्याच सुनेचा लोकरीचा रुमाल बांधला. नाना नवरीसारखे दिसत होते. तेव्हा हसू आलं नाही, आता लिहिताना येतं.

मी म्हणाले, "बाई, यांनी देवीसाठी केलं ते. तुम्ही असं झाकलं तर..."

"देवीचं काय?" तिनं विचारलं.

आणि मी सांगितलं. सहा वर्षं जे घशात होतं ते सगळं, नाना ऐकत असताना, तिची सून ऐकत असताना. कांबळं मी काढलं ते सांगितलं. आणि अक्का दातांमधून काय म्हणाली ते सांगितलं. अक्का म्हणाली होती, "थंडी वाजस माले." सरळ शब्दांत म्हणाली होती. आणि मला वाटलं, ही कानबाई बोलते, तिला धूप हवाय, म्हणून मी आणखी धूप घातला.

सांगता सांगता मी पुन्हा खाली बसले होते. ती बाई माझ्या शेजारी त्या ओल्या फरशीवरच येऊन बसली. म्हणाली, "आमच्याकडे थंडीत केळीचा घड झाकतात व माय. वाळल्या पानांनी. बागेत धूर करतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. कवा करतात? थंडीचा चरका लागल्यावर? चरका लागला मंग झाकून काय फायदा, काळा पडला तो पडला. थंडी यायच्या आधी झाका लागते. माझी सून आत जायच्या आधी मी त्या भूलवाल्या डॉक्टरले हेच विचारलं. तो हसला, पन हो म्हणाला. चाल, त्याले सांगू."

मला उठवून, हाताला धरून ती त्यांच्याकडे घेऊन गेली. भूल देणारे डॉक्टर तरुण होते, चष्म्यातून पाहणारे, सकाळचा चहा हातात. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि माझं सगळं ऐकलं. मध्येच तोडलं नाही. मग म्हणाले, "मावशी, भुलीत शरीर आपली ऊब राखायचं विसरतं. आतली खोली गार, पोट उघडं, शिरेतून जाणारं सलाइन गार. जाग आली की शरीराच्या लक्षात येतं, आणि ते कापून कापून ऊब परत मिळवायला बघतं. धडधाकट माणूस ते सोसतो. अशक्त हृदयाला ते डोंगर चढल्यासारखं होतं. म्हणून आधीच ऊब द्यायची. आजोबांना तुम्ही पूर्ण गरम करा, मी हात लावून बघेन, मगच नेऊ. दोन तास उशीर झाला तरी चालेल."

मी त्यांना विचारलं, "तेव्हा मी ते कांबळं काढलं नसतं तर?"

ते म्हणाले, "मावशी, मी तिथं नव्हतो."

त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

दुपारी त्यांनी स्वतः येऊन नानांचे तळपाय चाचपले, मान हलवली. गोधडीसकट नानांना आत नेलं. आत सलाइनच्या बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्या होत्या म्हणे. मी बाहेर बाकावर बसले. एव्हाना लेक आली होती, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटत होतं, आपली आई बाबांच्या काळजीनं रडते आहे. नाना माझ्या मनात होतेच, पण रडत होते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सहा वर्षं मी देवीला दोषी धरून जगले होते. त्या रागाचा मला आधार होता, हे मला तेव्हा कळलं. आता देवी सुटली होती. तिनं अक्काला नेलं नव्हतं. अक्का थंडीनं कापत होती, तिनं मला सांगितलं, माझ्याकडे पांघरूण मागितलं, आणि मी हात जोडून उभी राहिले. देवी सुटली आणि मी अडकले. त्या बाकावर मी जे दोन-अडीच तास काढले, त्यापेक्षा काळा वेळ माझ्या आयुष्यात दुसरा नाही. अक्का गेली त्या दिवशीसुद्धा एवढं नव्हतं. मनात आलं, हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं होतं. असंही आलं की नानांनाही काही झालं तर ते योग्यच होईल, मला तेवढी शिक्षा हवी. असलं मनात आलं हे लिहायला लाज वाटते, पण आलं.

दार उघडलं. नाना डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, फक्त नाक दिसत होतं. खाटेवर ठेवलं, वरून दोन कांबळी आणि सगळ्यांत वर ती गोधडी. मी त्यांच्या हनुवटीकडे पाहत उभी राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. आणि हनुवटी हलली. खालचा ओठ थरथरला. मानेची एक शीर नाचायला लागली.

माझे हात आपोआप जोडले गेले. खरं सांगते, सगळं कळलेलं असूनही गेले. चाळीस वर्षांची सवय. मी माझ्याच हातांकडे पाहिलं, आणि ते एकमेकांपासून सोडवताना मला कुणीतरी चिकटलेली पानं सोडवावीत तसं बळ लागलं. सोडवले. गोधडीच्या दोन कडा दोन मुठींत धरल्या आणि नानांच्या खांद्याखाली दाबल्या. तशीच ओणवी राहिले, माझं अंग त्यांच्या अंगावर झाकण घातल्यासारखं. "डॉक्टर," असं मी हाक मारली असेन. ते तिथंच होते. त्यांनी सलाइनच्या नळीतून एक इंजेक्शन सोडलं. "येतंय थोडं, थांबेल," म्हणाले. माझ्या छातीखाली ती थरथर मला लागत होती. मी मनात एकच म्हणत होते, अक्का, झाकलं ग. अक्का, आता झाकलं.

थरथर ओसरली. खाट वाजली नाही. नानांनी डोळे किलकिले केले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "उकडस माले. हाई काय लादेल शे मना आंगवर?"

लेक हसली. मी हसले की रडले, आठवत नाही.

मग मी त्या बाईला सांगायला वळले, तर शेजारची खाट रिकामी, वर धुतलेली चादर. आम्ही आत-बाहेर करत असताना दुपारीच सुनेला घरी सोडलं होतं. नर्स म्हणाली, त्या जाताना म्हणून गेल्या, गोधडी राहू द्या, त्या माणसाची थंडी सरल्याशिवाय काढू नका. नाव मी कधी विचारलंच नव्हतं. दवाखान्याच्या वहीत नाव-पत्ता असणारच. दुसऱ्या दिवशी विचारायला म्हणून मी टेबलापर्यंत गेलेही, आणि परत फिरले. ती कुणी साधी बाई असणार, घरी म्हैस असेल, सुनेशी भांडत असेल, हे मला कळतं. मला ते चाललंही असतं. पण पत्ता मिळाला असता तर गोधडी परत द्यावी लागली असती, आणि ती माझ्यानं सोडवेना. कुणी विचारतं, ती कोण होती? मी सांगते, रावेरकडची केळीवाली. त्यापलीकडे मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच बरं आहे.

घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी, अंगणात ऊन खात बसलेले असताना, नाना आपणहून म्हणाले, "कांबळं तू काढं. पन हात मी बी जोडेल व्हतात." एवढंच. सहा वर्षं हा माणूस गप्प का होता, ते मला त्या दिवशी समजलं. एकाच घरात आम्ही दोघं तेच ओझं वेगवेगळ्या खांद्यांवर वाहत होतो.

त्या श्रावणात मी फळीमागून किल्ली काढली. नारळ हातात घेतला तेव्हा माफी मागायला शब्द सापडला नाही. मी फक्त म्हणाले, माय, तुझ्यावर आळ घेतला. आणि माझा जो दोष आहे, तो माझ्यानं फिटायचा नाही. तो तुझ्या पायाशी ठेवते. तू तो पुसून टाक असं मी म्हणत नाही. ठेवून घे म्हणते. मला वाटतं, शरण जाणं याहून वेगळं नसावं. आपल्याला उचलत नाही ते तिच्यापुढे ठेवायचं, आणि मग मोकळ्या झालेल्या हातांनी समोरच्या माणसाला झाकायचं. अक्का परत आली नाही. हिवाळ्यात अंगावर पांघरूण घेताना अजूनही मला ती आठवते आणि ऊब बोचते. ते जाणार नाही, जाऊही नये.

रोटासाठी गहू जात्यात टाकताना मी घरच्यांच्या मुठी टाकल्या आणि मग आणखी सव्वा मूठ टाकली. जाऊबाई म्हणाल्या, ही कुणाच्या नावाची? म्हणाले, रावेरकडच्या बाईची. त्या म्हणाल्या, परकीच्या नावानं रोट चालत नाही. ओट्यावरून नाना म्हणाले, "दळ वं. परकी कथाईन उनी?" परकी कुठून आली, खरंच की. मी दळलं. तेव्हापासून दर श्रावणात तेवढं जास्त दळते.

आणि गोधडी? गावात ही गोष्ट हळूहळू पसरली. आता कुणाला ऑपरेशनला न्यायचं असलं की माणसं गोधडी मागायला येतात. मी देते, आणि देताना बजावते की न्हायचं ते कोमट पाण्यानं, डोकं कोरडं करून जायचं, आत जायच्या आधी झाकायचं, बाहेर आल्यावर झाकायचं, आणि कापायला लागलं तर हात जोडत बसायचं नाही, नर्सला बोलवायचं. काहीजण हसतात. हसू देत. गोधडी परत आली की मी ती उन्हात टाकते, आणि मग पेटी उघडून कानबाईच्या नारळावर पांघरते. देवीला कोणी झाकतं का, असं मी विचारलं होतं. मी झाकते.

आज हे लिहिताना गोधडी घरात नाही. वरच्या आळीतल्या सुनेचं ऑपरेशन आहे, काल सकाळच्या एसटीनं ती धुळ्याला गेली. पेटीत कानबाई उघडीच आहे. चार-आठ दिवस तशीच राहील. तिची काही तक्रार नसावी.